मासे कुठे अडतात? पारसिकच्या एका ओढ्याचं सर्वेक्षण

पारसिकच्या डोंगरातून पश्चिमेला उतरणारे ओढे आखूड आहेत. वर उगम, पायथ्याला पाडे आणि उरलीसुरली भातखाचरं, मग ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, मोठा रस्ता, रेल्वे, सिडकोने आखलेल्या वसाहती, धारण तलाव आणि शेवटी ठाण्याची खाडी. हे सगळं पाच-सहा किलोमीटरांत उरकतं. रबाळे ते तुर्भे या टप्प्यातल्या अशाच एका ओढ्यावर आम्ही काही जणांनी खाडीच्या तोंडापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत प्रत्येक मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट), बंधारा, झडप मोजली. त्या कामाची ही नोंद. ओढ्याचं नाव मुद्दाम देत नाही. मासे जिथे अडतात तिथे ते दाटीने साठतात, आणि अशी जागा जाहीर झाली की पुढच्या पावसात माशांच्या आधी तिथे जाळी पोचतात.

प्रश्न गावठाणातून आला. तिथले सत्तरी ओलांडलेले एक आगरी काका सांगत होते की त्यांच्या लहानपणी मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की वलगणीचे मासे खालच्या पाणथळीतून वर चढायचे, पायथ्याच्या खाचरांत शिरायचे आणि घरोघरी दोन-तीन दिवस माशांचंच कालवण असायचं. आता पायथ्याला वलगण होत नाही. त्यांच्या नातवाचं मत सरळ होतं: पाणी घाण झालं, मासे संपले. काकांना ते पटत नव्हतं, कारण मोठ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला अजूनही पहिल्या पावसात पोरं मासे धरतात हे त्यांनी पाहिलं होतं. मासे संपले असते तर ते तिथे तरी कुठून आले असते?

काकांच्या या निरीक्षणानेच पाहणीची दिशा ठरली. घाण पाणी आणि बंद वाट ही दोन्ही कारणं खरी असू शकतात, एकाच ओढ्यावर एकाच वेळी असू शकतात. पण त्यांच्या खुणा उलट्या असतात. सांडपाणी जिथे येऊन मिळतं तिथे मासा त्या जागेच्या वर असतो आणि खाली विरळ होतो. वाट बंद असेल तर मासा खाली गर्दी करतो आणि वर दिसत नाही. काका सांगत होते ती खूण दुसऱ्या प्रकारची होती. ती नेमकी कुठल्या बांधकामाशी सुरू होते, हे आम्हाला शोधायचं होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागली. ‘मासा’ असा एकच धरून चालत नाही. दांडवण आणि शिंगटी या ओढ्यातल्या साध्या पोहणाऱ्या जाती. प्रवाहाला उलटं पोहतात, उडी फार तर बोटभर. मळ्याच्या, म्हणजे शास्त्रीय नावातल्या गाराच्या, तोंडाखाली चकती असते. ती खडकाला चिकटवून तो भर प्रवाहात थांबतो आणि ओल्या, खडबडीत दगडावरून पुढे सरकतो. डोक हा मरळीच्या घराण्यातला छोटा मासा हवेतून श्वास घेतो आणि ओल्या गवतातून वळवळत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. खाडीच्या बाजूने येणाऱ्यांत बोईट आणि जिताड्याची पिल्लं. जिताडा निमखाऱ्या पाण्यात अंडी घालतो, पिल्लं गोड्या पाण्याकडे सरकतात, तिथे वाढतात आणि प्रजननासाठी पुन्हा खाली उतरतात. गोड्या पाण्यातल्या वामेचा प्रवास याहून कितीतरी लांबचा: जन्म समुद्रात, बरीच वर्षं नदी-ओढ्यात, अंडी घालायला पुन्हा समुद्र. तिची काडीएवढी पिल्लं ओल्या खडबडीत भिंतीवर चढतात, पण भिंतीतून पुढे आलेली गुळगुळीत कड लागली की तिथेच थांबतात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या अळ्यांनाही निमखारं पाणी लागतं. पिल्लं मग रात्री काठाच्या ओलीतून वर रांगत जातात.

म्हणून प्रत्येक बांधकामाला आम्ही एक गुण न देता गटवार गुण दिले: पोहणारे, चिकटून किंवा रांगत चढणारे, आणि खाडीतून येणारी पिल्लं. मोजपट्टी ब्रिटनमधल्या अशा पाहण्यांत वापरतात ती घेतली. ० म्हणजे वाट पूर्ण बंद, ०.३ म्हणजे थोड्यांनाच जमेल, ०.६ म्हणजे बहुतेकांना जमेल पण अडत-ठेचकाळत, १ म्हणजे अडथळाच नाही. या पद्धतीचा एक फायदा असा की गुणांचा गुणाकार करता येतो. ०.६ ची तीन बांधकामं एकामागोमाग आली तर वर पोचण्याची शक्यता ०.२१६ उरते, म्हणजे पाचात एक. मध्ये एकजरी शून्य आलं तर वरच्या सगळ्या चांगल्या गुणांची किंमत शून्य. या कारणाने ओढा खालून वर मोजायचा असतो. उताराने चालणं सोपं, म्हणून बरेच जण वरून सुरू करतात. पण मासा येतो त्या बाजूने गेलं की पहिला अडथळा पहिला भेटतो, आणि त्याच्यापुढच्या प्रत्येक अडथळ्याकडे बघण्याची नजर बदलते.

हा ओढा वनजमीन, औद्योगिक पट्टा, रस्त्याची आणि रेल्वेची हद्द, शहरी वस्ती आणि धारण तलाव अशा वेगवेगळ्या ताब्यांतून जातो. त्यावरच्या सगळ्या बांधकामांची एकत्र यादी आम्हाला कुठेच मिळाली नाही. उपग्रहाच्या नकाशावर ओढा आणि रस्ता जिथे जिथे एकमेकांना छेदतात त्या जागा खुणावल्या आणि मग पायी फिरून खात्री केली. नकाशात न दिसणारी दोन बांधकामं पायीच सापडली.

साधनं साधी होती. टेप, रंगवलेली लाकडी पट्टी, गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल-नळी, घड्याळ आणि लिंबं. लेव्हल-नळीने मोरीच्या दोन्ही तोंडांमधला उतार अचूक कळतो. लिंबू पाण्यात बरंचसं बुडून तरंगतं, त्यामुळे त्याला वारा फारसा ढकलत नाही. ठरलेल्या अंतराला किती सेकंद लागले ते मोजायचं आणि पृष्ठभागाच्या त्या वेगाला ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढायचा. प्रत्येक ठिकाणी मोजायचं तेच: खालच्या तोंडाच्या कडेपासून डोहाच्या पाण्यापर्यंतचा पडाव, म्हणजे पाणी जेवढं खाली पडतं ती उंची, डोहाची खोली, मोरीची लांबी, आतल्या पाण्याची खोली आणि वेग, मोरीची रुंदी आणि ओढ्याची मूळ रुंदी, मोरीत वाळू-गोटे आहेत की नुसतं काँक्रीट. वरून आणि खालून फोटो.

हे माप दोनदा घेतलं: एकदा मे महिन्यात, कोरड्या ओढ्यात बांधकाम उघडं असताना, आणि एकदा जोरदार पाऊस पडून गेल्यानंतर काही तासांत. दुसरं माप टाळता येत नाही. मे महिन्यात भयंकर दिसणारी कड जूनच्या पुरात पाण्याखाली जाते, आणि मेमध्ये निरुपद्रवी वाटणारी सपाट फरशी जूनमध्ये घसरगुंडी होते. मासा जूनमध्ये चढतो. अर्थात पुराच्या पाण्यात कोणीही उतरलं नाही, सगळी मापं काठावरून आणि पुलावरून घेतली. पाणी ओसरल्यावर उतरलो तेही गमबूट घालून, अंगावर जखम नसणाऱ्यांनीच. शहरातल्या नाल्यात पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, भीती खरी असते.

आता ओढा खालून वर.

पहिलं बांधकाम धारण तलावाचं दार. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा खाली आहे. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून ते तलावात धरायचं आणि ओहोटीला सोडायचं, अशी शहराची रचना आहे. तोंडाशी वरून बिजागरी असलेल्या झडपा असतात. तलावाचं पाणी उंच असलं की त्या खाडीकडे उघडतात, खाडीचं पाणी चढलं की दाबाने मिटतात. कोकणातल्या खारभूमीच्या बांधांना उघाडी असते, तिचं तत्त्व हेच. माणसासाठी ही व्यवस्था गरजेची आहे. मोठ्या उधाणाला भरती ४.५ मीटरच्या वर जाते आणि त्याच वेळी पाऊस कोसळत असेल तर या झडपाच वस्ती वाचवतात.

माशाच्या बाजूने मात्र वेळ उलटी पडते. खाडीतली पिल्लं चढत्या भरतीबरोबर आत येतात, आणि झडप नेमकी तेव्हाच मिटते. ओहोटीला ती उघडते तेव्हा अरुंद फटीतून पाणी जोरात बाहेर येत असतं. कागदावर याला शून्यच द्यायला हवं होतं. पण तलावाच्या आत काठाने तिवरं वाढलेली होती. झडपेच्या आतल्या बाजूला तिवरं टिकतात, पसरतात, याचा अर्थ खारं पाणी आत नियमित येतंय. पाहिल्यावर कळलं: एका झडपेत तुंबलेल्या ओंडक्यामुळे फट राहिली होती, दुसरीचं रबर झिजलं होतं. तलावाच्या आत बोईटांचे थवे होते, स्थानिक माणूस काठावर जिताडा गळाला लावत होता. खाडीच्या पिल्लांसाठी आम्ही इथे ०.३ दिले, आणि शेऱ्यात लिहिलं की हा गुण नादुरुस्तीमुळे आहे. झडप नीट बसवली की तो शून्य होईल. युरोप-अमेरिकेत तरंगत्या गोळ्यावर चालणारी दारं काही ठिकाणी बसवली आहेत, ती भरतीच्या ठरावीक पातळीपर्यंत उघडी राहतात आणि त्यानंतरच मिटतात. इथे तसं सुचवायला पूररेषेचा पूर्ण अभ्यास हवा. आम्ही तसं सुचवलं नाही. शहराच्या सुरक्षिततेशी बांधलेल्या बांधकामावर टेप घेऊन आलेल्या मंडळींनी घाईने मत देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

तलावाच्या वर अर्धा-पाऊण किलोमीटर ओढा काँक्रीटच्या चौकोनी नाल्यातून वाहतो. पडाव कुठेच नाही, म्हणून बहुतेकांच्या यादीत हा अडथळा म्हणून येणारच नाही. पण सपाट तळ आणि उभ्या भिंती यांत माशाला दम घ्यायला एकही आडोसा नाही. पुरात वेग फार, एरवी पाण्याचा थर पातळ. वाचवतो तो गाळ. वळणावर आतल्या बाजूला साचलेल्या गाळावर गवत उगवलं होतं आणि तिथे पाणी संथ होतं. पूर ओसरायला लागल्यावर पहिल्या काही तासांत शिंगट्या त्या गवताच्या कडेकडेने वर सरकताना आम्ही पाहिल्या. गुण ०.६.

रेल्वेखालचा पूल रुंद आहे, खाली ओढ्याचा मूळ तळ शाबूत आहे, गोटे आहेत. गुण १. पुढे चला.

आणि मग मोठ्या रस्त्याची मोरी. दोन खणांची काँक्रीटची बॉक्स मोरी, लांबी ३० मीटरच्या आसपास. खालच्या तोंडापुढे तळाला फरशीसारखा ओतलेला साधारण ४ मीटरचा काँक्रीटचा अॅप्रन, आणि अॅप्रनच्या कडेला पडाव. पाऊस ओसरताना मोजला तेव्हा सुमारे ५५ सेंटीमीटर. खाली डोह होता, पण त्यात राडारोडा आणि फुटक्या काँक्रीटचे तुकडे पडून खोली हातभरही उरली नव्हती. उडी मारणाऱ्या माशालाही धाव घ्यायला खाली खोल पाणी लागतं. उडीच्या उंचीपेक्षा डोह खोल असावा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. इथे डोह पडावापेक्षा उथळ. अॅप्रनवर पाण्याचा थर दोन-तीन सेंटीमीटर, म्हणजे शिंगटीची पाठ उघडी पडेल इतका. मोरीच्या आत पुराच्या वेळी लिंबाने दाखवलेला सरासरी वेग सेकंदाला १.२ मीटर.

या शेवटच्या आकड्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. मासा जीव तोडून पोहतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला त्याच्या लांबीच्या सुमारे १० पट असतो, आणि तोही काही सेकंदच टिकतो. १० सेंटीमीटरच्या शिंगटीचा हा वेग सेकंदाला १ मीटर. समोरून १.२ मीटरचं पाणी आलं तर ती सगळी ताकद लावूनही मागेच जाते. पाणी ओसरून वेग ०.८ वर आला, तर तिची खरी प्रगती सेकंदाला २० सेंटीमीटर; ३० मीटरला अडीच मिनिटं लागतात आणि तिची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणजे पडाव नसता तरी या मोरीत दुसरा अडथळा होताच. पोहणाऱ्यांना ०, खाडीच्या पिल्लांना ०, चिकटून चढणाऱ्यांना ०.३, कारण एका बाजूच्या विंग वॉलला, म्हणजे मोरीच्या तोंडाशी बाजूला पसरणाऱ्या भिंतीला, शेवाळ आणि ओल होती आणि मळ्या तिथून वर जात असावा. मोरीच्या वरच्या डबक्यांत मळ्या आणि डोक सापडले. शिंगटी नाही, बोईट नाही, कोळंबी नाही. काकांची खूण इथे होती. पावसानंतर अॅप्रनखालच्या उथळ पाण्यात शिंगट्या इतक्या दाटल्या होत्या की पाण्याचा रंग गडद दिसत होता, आणि त्या जिवंत, धडपडणाऱ्या होत्या. निदान त्या दिवसात त्यांना घाणीने थांबवलं नव्हतं.

इथपर्यंतचं काम कुठल्याही पाहणीत होईल. आम्ही इथे जास्त वेळ काढला तो एका डागामुळे. विंग वॉलवर, आत्ताच्या तळाच्या बऱ्याच वर, एक आडवी रेषा होती. तिच्या वरचं काँक्रीट साच्यातून निघालेलं, तुकतुकीत. खालचं ओबडधोबड, मातीचे ठसे घेतलेलं. खालचा भाग जमिनीत गाडला जाण्यासाठी ओतलेला होता. अॅप्रनच्या कडेखालची कट-ऑफ भिंतही (तळाची माती खरवडली जाऊ नये म्हणून जमिनीत उतरवलेली) तशीच, दिसण्यासाठी न बांधलेली, उघडी पडलेली. लेव्हल-नळी लावली तेव्हा ती रेषा अॅप्रनच्या पातळीशी जुळली. मोरी बांधली तेव्हा ओढ्याचा तळ अॅप्रनला टेकलेला होता. पडाव नव्हताच. मासा सरळ पोहत आत शिरत असणार.

मग तळ खाली कसा गेला? दोन कारणं एकमेकांना साथ देतात. वरच्या अंगाला जमीन छपरांनी, डांबराने, काँक्रीटने झाकली गेली. पाणी मुरायचं थांबलं आणि तोच पाऊस आता थोड्या वेळात, जोराने ओढ्यात येतो आणि तळ खरवडतो. त्यात दरवर्षी पावसाळ्याआधीची नालेसफाई. पोकलेनचा बकेट गाळ आणि मूळ तळ यांत फरक करत नाही. गाळाबरोबर गोट्यांचा थरही निघतो, आणि गोट्यांचं कवच गेलं की खालची मऊ माती पुढच्या पुरात सुटते. काँक्रीटचा अॅप्रन जागच्या जागी राहतो, त्याच्यापुढची जमीन खाली जाते. आसपासच्या रहिवाशांना विचारल्यावर कळलं की मोरीखाली पोरांना उड्या मारता येतील एवढं पाणी पडायला लागलं ते अलीकडचं.

मला या सगळ्या पाहणीतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. आपण अडथळा म्हणजे बांधलेली वस्तू समजतो आणि तिची उंची आराखड्यात शोधतो. इथे आराखड्यात पडाव सापडलाच नसता. तो बांधकामानंतर वाढला, अजून वाढतो आहे, आणि एकदा केलेली यादी म्हणूनच काही वर्षांत खोटी ठरते. उपायही यातूनच निघतो: मोरी फोडायची गरज नाही, तळ परत वर आणायचा आहे.

मोरीच्या वरचं थोडक्यात सांगतो. औद्योगिक पट्ट्यातल्या एका आतल्या रस्त्याखाली तीन ह्यूम पाइप आहेत, दोन प्लास्टिकने आणि फांद्यांनी बुजलेले, त्यामुळे सगळं पाणी तिसऱ्यातून सुसाट. साफ केले की वेग उतरेल; गुण ०.३, साफ केल्यावर ०.६ व्हावा. त्याच्या वर पाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याखाली एकच पाइप, सुमारे ६ मीटर लांब, आणि त्याच्या तोंडाशी वीतभर पडाव. कारण तेच, खालचा तळ खचलेला.

सर्वांत वर, वनजमिनीला लागून, सिमेंटचा बंधारा. उंची माणसाहून जास्त, गाळाने अर्धा भरलेला. फोटोत हाच सर्वांत भयानक दिसतो, आणि पाहणीतल्या तरुण मुलांचा आग्रह होता की अहवालात हा पहिला यावा. आपल्याकडे मासे अडले म्हटलं की मोठीच नावं आठवतात, १९७५ मध्ये सुरू झालेला गंगेवरचा फरक्का बंधारा आणि गंगेत वर जायचा थांबलेला हिल्सा. पण युरोपातल्या ३६ देशांची मोजदाद २०२० साली प्रसिद्ध झाली तेव्हा नद्यांवर किमान १२ लाख अडथळे असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांतले दोन तृतीयांशांहून जास्त २ मीटरपेक्षा बुटके होते. नुकसान बुटक्यांच्या संख्येने होतं. या बंधाऱ्याच्या बाबतीत तर प्रश्न आणखी सोपा होता. त्याच्या वर थोड्याच अंतरावर नैसर्गिक धबधबा आहे. पोहणारा मासा तिथून वर कधीच गेला नसणार. म्हणजे बंधारा हटवून मिळणारा ओढा जेमतेम हाकेच्या अंतराचा, आणि बंधाऱ्याचं पाणी पाड्याला उन्हाळ्यात लागतं. आम्ही तो यादीत शेवटी ठेवला आणि हात लावू नये असं लिहिलं.

अहवाल लिहिताना एक शंका बराच काळ अडून राहिली. धारण तलावात आणि खालच्या नाल्यात तिलापिया हा परदेशी मासा भरपूर आहे. मोठ्या रस्त्याची मोरी उघडली तर शिंगटीबरोबर तिलापियाही वर जाईल, आणि वर मळ्या, डोक, दांडवण यांचं अजून घर आहे. अडथळा कधी कधी देशी माशांची भिंतही असतो. अशा जागी तो तसाच ठेवणं हाच शहाणपणा. म्हणून निर्णयाआधी वरची डबकी पुन्हा तपासली. बंधाऱ्याच्या पाण्यात तिलापियाची पिल्लं सापडली. मोरीतून ती चढणं शक्य नव्हतं, म्हणजे कोणीतरी आणून सोडली होती. भिंत आधीच ओलांडली गेली होती, तीही माणसाच्या बादलीतून. मग शिंगटीची वाट अडवून ठेवण्याचं ते कारण उरलं नाही. अहवालात मात्र वेगळी सूचना घातली की पाड्यात आणि शाळेत याबद्दल बोलावं: पाळलेला मासा ओढ्यात सोडू नये, डास खायला म्हणून गप्पीही नाही.

मोठ्या रस्त्यासाठी सुचवलेला उपाय असा. अॅप्रनच्या कडेपासून खाली मोठ्या दगडांचा सौम्य उतार, २० ला १. पडाव ५५ सेंटीमीटर, म्हणून उताराची लांबी ११ मीटर. दगड आडव्या ओळींत, प्रत्येक ओळीत फट, दोन ओळींच्या मध्ये छोटा डोह, म्हणजे मासा एका वेळी चार-पाच सेंटीमीटरच चढतो आणि मध्ये थांबतो. खालच्या ओळीचे दगड पोकलेनशिवाय हलणार नाहीत एवढे मोठे आणि अर्धे गाडलेले. मोरीच्या दोन खणांपैकी एक पुरासाठी मोकळा ठेवायचा. दुसऱ्याच्या तळाला ठरावीक अंतराने बुटके काँक्रीटचे आडोसे, एकाआड एक बाजूने, म्हणजे आत गोटे धरतील, वेग तुटेल आणि पाण्याची खोली वाढेल. अॅप्रनवरही तसाच एक आडोसा. आणि नालेसफाईच्या कंत्राटात एक ओळ: रंगवलेल्या खुणेच्या खाली खोदायचं नाही.

संबंधित कार्यालयातल्या एका तरुण अभियंत्याने नेमका प्रश्न विचारला. तळ वर आणल्याने मोरीची पाणी वाहून नेण्याची क्षमता कमी झाली तर? उतार मूळ तळाच्या पातळीवरच थांबतो, त्याच्या वर जात नाही, हे आम्ही त्या जुन्या रेषेच्या फोटोवरून दाखवलं. तरी खालच्या पाण्याचा फुगवटा मोजून मगच काम व्हावं हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ती तपासणी अजून व्हायची आहे आणि काम त्यानंतरच होईल.

पाड्याचा पाइप मात्र कोणाची वाट न पाहता करता आला. तिथे पडाव वीतभर होता, रस्ता पाड्याच्याच वापरातला, आणि रस्ता खचतो ही पाड्याची स्वतःचीही तक्रार होती. परवानगी घेऊन श्रमदानाने पावसाच्या आधी दगडांचा उतार रचला. पहिल्या पुरात वरचे लहान दगड वाहून गेले, मोठे टिकले, आणि पाइपात जिथे पाण्याचा पातळ थर असायचा तिथे आता पाणी तुंबून पाइपाचा तळ चांगला बुडतो. दांडवणीची झुंड पाइपात शिरून वरच्या खाचराच्या बाजूला निघालेली पाड्यातल्या मुलांनी आम्हाला दाखवली. खालून शिंगटी आली नाही, येणारही नव्हती. मोठा रस्ता अजून बंद आहे. पण डबक्यातून खाचरात अंडी घालायला जाणं हाही चढणीचाच प्रवास आहे, आणि तो या एका पाइपाने अडला होता.

मोठ्या मोरीच्या विंग वॉलवर आम्ही आत्ताच्या तळाच्या पातळीला लाल ऑइलपेंटने रेघ मारून ठेवली आहे. येत्या मे महिन्यात नालेसफाई झाली की लगेच त्या रेघेपासून खालचं माप घ्यायचं आहे. तळ आणखी खाली गेला असेल तर आराखडा बदलावा लागेल: २० ला १ च्या उतारात प्रत्येक ५ सेंटीमीटर खचलेल्या तळामागे दगडांचा उतार १ मीटरने लांबतो, आणि खर्च त्याच प्रमाणात वाढतो. कार्यालयाला पाठवायच्या पुढच्या पत्रात हा हिशेब त्या मापासकट जोडायचा आहे.